बोट्या खातोय का?

“घट्ट धर. तिला कळायला नको.”

हे तू शेजारच्या सरोजम्मांना म्हणालीस, कन्नडमध्ये, हळू आवाजात. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराआड उभी होते. शहर बंद होणार अशी अफवा उठली म्हणून कंपनीने इलेक्ट्रॉनिक सिटीहून आमच्या बस दुपारीच सोडल्या होत्या. घराचं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी पाणी प्यायला थेट आत आले आणि तुझा आवाज ऐकून थांबले.

धुण्याच्या दगडापाशी तू पाटावर बसली होतीस, पाठ माझ्याकडे. समोर सरोजम्मा, त्यांच्या मांडीवर दादांचा जुना पंचा आणि पंच्यात गुंडाळलेला माझा बोट्या. त्याचं डोकं तेवढं बाहेर होतं. तो ओरडत होता. खार इतकं मोठं ओरडू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तुझ्या हातात नेलकटर होतं. तू वाकलीस, कट् असा आवाज झाला, आणि तू पंच्याच्या टोकाने काहीतरी टिपलंस. टोकावर लाल ठिपका होता.

दुसरी कुणी असती तर बाहेर येऊन विचारलं असतं. मी चपला हातात घेतल्या, पुढच्या दाराने बाहेर गेले, पाच मिनिटं फाटकाबाहेर उभी राहिले आणि मग बेल वाजवली. तू दार उघडलंस. “लवकर आलीस,” म्हणालीस. मी बंदचं सांगितलं. तोवर पंचा धुऊन दोरीवर पडला होता.

अक्का, तुला जाऊन अकरा दिवस झाले. दादा म्हणतात, माझ्या बहिणीविषयी दोन पानं लिहून ठेव, मराठीत लिही, तुला तिनेच शिकवलंय. कुठे जन्मलीस, किती वर्षं शाळेत शिकवलंस, धाकट्या भावाच्या, म्हणजे आई-दादांच्या, संसारात कशी राहिलीस, असं सगळं त्यांनी कागदावर काढूनही दिलं आहे. तो कागद मी वहीत घालून ठेवला. मला या पंच्याविषयी लिहायचं आहे.

बोट्या आपल्याकडे आला तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. सरोजम्मांच्या नारळावरून पडला होता आणि कावळा दोन हातांच्या अंतरावर येऊन बसला होता. मी नुसतीच पाहत उभी होते. तू पदर कमरेला खोचलास, कावळ्याला शिवी दिलीस (मी तुझ्या तोंडून ऐकलेली एकमेव) आणि त्याला उचलून माझ्या तळहातावर ठेवलंस. “बोटाएवढाच आहे,” म्हणालीस, आणि तेच नाव झालं. देवासाठी वळलेली कापसाची वात दुधात बुडवून तू त्याच्या तोंडाशी धरलीस. तो चोखायला लागला तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “आता तुझा.”

मी ते अक्षरशः घेतलं. लायब्ररीतून खारींवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेलं फळ, सोललेला आणि भिजवलेला दाणा. मी हे एका कागदावर उतरवून त्याच्या घराच्या दाराला चिकटवलं. त्याचं घर म्हणजे व्हरांड्यातलं जुनं जाळीचं कपाट. पुस्तक पंधरा दिवसांनी परत करायचं होतं. मी पिल्लांचं प्रकरण वाचलं होतं. पुढची प्रकरणं उघडलीच नाहीत. दोन वर्षं तो कागद तसाच राहिला, आणि बोट्या दोन वर्षं पिल्लू राहिला.

तुला ते पटत नव्हतं. तू सरळ कधी म्हणाली नाहीस, टोमण्यातून म्हणायचीस. “तुझी खार कॉन्व्हेंटमध्ये गेलीय, पावाशिवाय खात नाही.” मी शेंगा सोलून, साल काढून भिजत घालायला लागले की म्हणायचीस, “अगं, चावूनही दे त्याला. तेवढंच राहिलंय.” मी शेंगा सोलत राहायची. मनात म्हणायची, हिला तो घरात नकोच आहे. कारण तू हेही म्हणायचीस, “झाडाचा जीव झाडावर बरा.”

मग त्याच्या कपाटात चिंचोके सापडायला लागले.

उन्हाळ्यात तू वर्षाची चिंच फोडायचीस आणि चिंचोके धुऊन डब्यात ठेवायचीस. दुपारी तू आणि सरोजम्मा त्या खळगे कोरलेल्या लाकडी पाटावर अळगुळी मणे खेळायचात, त्याच्या सोंगट्या म्हणून. त्यातलेच सात-आठ चिंचोके बोट्याच्या फडक्याखाली होते. दगडासारखे टणक. घशात अडकले असते तर? मी उचलून फेकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. फेकले. मग करवंटीचा तुकडा आला. मग पेरूची सालासकट फांदी. मी सगळं फेकत गेले आणि तू सगळं ठेवत गेलीस, आणि जेवताना आपण भाजीत मीठ कमी आहे का यावर बोललो. महिनाभर आपण दोघी त्याच्या कपाटात भांडत होतो.

त्याच महिन्यात त्याचं खाणं बिघडलं. तो दाणा उचलायचा, पुढच्या दोन पायांत धरून फिरवायचा, तोंडाला लावायचा आणि खाली ठेवायचा. पुन्हा उचलायचा. पाव तोंडात जायचा त्याहून जास्त बाहेर पडायचा. हनुवटीखालचे केस कायम ओले, छातीवर चिकटलेले, आणि त्यांना आंबूस वास. पाठीचे पट्टे हाडांवर उठून दिसायला लागले. रोज त्याचं कपाट मी साफ करत होते, रोज त्याला हातात घेत होते, आणि त्याच्या तोंडात एकदाही पाहिलं नाही. मी तुझ्याकडे पाहत होते.

आणि मला बरंच काही दिसत होतं. ड्रॉवरमधलं नेलकटर मिठाच्या बरणीमागे सापडलं. मी आत आले की सरोजम्मा बोलता बोलता थांबायच्या आणि पावसाचा विषय काढायच्या. दोरीवरचा पंचा पाहिला तरी बोट्या कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. पूर्वी तुझ्या खांद्यावर चढणारा, आता तुझा हात आत आला की दात विचकायचा. तो तुला घाबरत होता. खरं लिहायचं तर मला त्याचा थोडा आनंदही झाला होता.

म्हणून त्या बंदच्या दिवशी मला नवल वाटलं नाही. मला वाटलं, सापडली.

दुसऱ्या दिवशी चिकपेटला जाऊन मी कुलूप आणलं. जाळीचं कपाट माझ्या खोलीत हलवलं आणि खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये घालून कामावर गेले. आपल्या घरात आतल्या दाराला कधी कुलूप लागलं नव्हतं. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, ऑफिसचे कागद आहेत. तू त्या कुलपाकडे पाहिलंस. मी तुझ्या चेहऱ्यावर अपराधीपणा शोधत होते. तू म्हणालीस, “आत उकडत असेल त्याला.”

पहिले आठ-दहा दिवस तो छान खायला लागला. दाणा खाल्ला, पाव खाल्ला, हनुवटी कोरडी झाली. मला पुरावा मिळाला. तुझा हात दूर झाला आणि तो बरा झाला, हे इतकं स्वच्छ होतं की मी कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळी घरी आले की तू व्हरांड्यातून विचारायचीस, “खातोय का?” मी म्हणायची, “खातोय.” ते तेव्हा खरं होतं.

मग पुन्हा दाणे खाली पडायला लागले. पुन्हा ओली हनुवटी. माझ्या मनात आलं, हिच्याकडे दुसरी किल्ली आहे. मी बाहेर पडताना उंबऱ्याच्या आत टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली, कुणी पाऊल टाकलं तर कळावं म्हणून. संध्याकाळी पावडर तशीच असायची. तू दाराबाहेर थोडी सांडलेली पाहिलीस आणि विचारलंस, “मुंग्यांची का?” मी हो म्हटलं. “मग त्याच्यापासून लांब टाक,” म्हणालीस.

आणि रोजचं, “खातोय का?”

“खातोय.”

हे आता खोटं होतं. पण तुला खरं का सांगायचं? ज्याने केलं त्याला जखम किती खोल गेली ते सांगायचं नाही, असा माझा हिशेब होता. मी तुझ्या प्रश्नातला आवाज तपासत होते. काळजी आहे की चौकशी? मला चौकशीच ऐकू यायची.

मग एका सकाळी तुला श्वास लागला आणि दादा रिक्षातून तुला घेऊन गेले.

दवाखान्यात नर्सने तुझी कवळी काढून स्टीलच्या डबीत घालून उशाशी ठेवली होती. कवळीशिवाय तुला मी कधी पाहिलंच नव्हतं. घरात कुणीच पाहिलं नसेल. तू मोरीचं दार लावून ती धुवायचीस. “दाताचं दुखणं चारचौघांत काढायचं नसतं,” असं म्हणायचीस. मी आले तेव्हा तू पदर तोंडावर घेतलास. मी खिडकीकडे पाहिलं. पेज आणली होती, ती तू दोन चमचे घेतलीस आणि मान फिरवलीस. एका आठवड्यात घरातल्या दोघांचं खाणं सुटत चाललं होतं, आणि मी त्यातल्या एकासाठी दुसऱ्यावर पाळत ठेवत होते.

पदराआडून तू विचारलंस, “खातोय का तो?”

विचारायची वेळ तीच होती. नेलकटर कशासाठी होतं, रक्त कसलं होतं, मला काय कळायला नको होतं. तीन प्रश्न, कंपनीच्या बसमध्ये रोज घोटलेले. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याकडे पाहत होती. मला चार माणसांत बोलायला जमत नाही हे तुला माहीत आहे.

“खातोय,” मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस. मान हलवलीस, वर्गात एखाद्या मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर हलवत असशील तशी. त्यानंतर दोन दिवसांनी तू गेलीस.

सुतकात आपल्याकडे चूल फक्त भातापुरती पेटत होती, बाकीचं सरोजम्मांकडून यायचं. काल दुपारी त्या भातावरचं सारू घेऊन आल्या, आणि दुसऱ्या हातात कागदाची पिशवी. शेंगांची जत्रा संपली होती. दर कार्तिकात देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी लागतात, आणि तू कधी चुकवली नाहीस. या वर्षी सुतकामुळे घरातून कुणी गेलं नव्हतं.

“अक्काने आधीच सांगून ठेवलं होतं,” सरोजम्मा म्हणाल्या. “बोट्याला घे म्हणाली. सालासकट, कच्च्या. भिजवायच्या नाहीत.” मग हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “पुट्टी, त्याचे दात आता कोण कापतंय?”

मी काय चेहरा केला असेल कोण जाणे. त्या म्हणाल्या, “अय्यो, तुला माहीत नाही का?”

मग मागच्या दाराशी, त्या धुण्याच्या दगडावर बसून त्यांनी मला सांगितलं. बोट्याने पहिल्यांदा दाणा टाकला त्याच आठवड्यात तू त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलंस. गाई आणि कुत्र्यांच्या रांगेत बसलीस. डॉक्टर हसले म्हणे, पण त्यांनी तोंड उघडून पाहिलं. खारीचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. टणक काही कुरतडलं की झिजतात, मऊ खाल्लं की वाढतच जातात आणि शेवटी तोंड बंद होत नाही. बोट्याचे वरचे दात आत वळायला लागले होते. त्यांनी कापून दाखवलं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आणा म्हणाले, आणि टणक खायला घाला म्हणाले. तू एकदा नेलंस. दुसऱ्यांदा त्यांच्याकडूनच शिकून आलीस.

“रक्त?” मी विचारलं.

“माझा हात हलला त्या दिवशी. ओठाला लागलं स्वल्प. अक्का मला इतकं बोलली.”

“मला का नाही सांगितलं?”

सरोजम्मांनी सारूचं भांडं उगीच पुसलं. “मी म्हटलं होतं सांग म्हणून. अक्का म्हणाली, ती पोर दोन वर्षं हाताने सोलून घालतेय. तिला कळलं की तिच्या हातानेच झालं, तर ती त्याला हात लावणार नाही परत. राहू दे. मी गुपचूप कापते, हळूहळू टणक खायला शिकवते.”

चिंचोके. करवंटी. पेरूची फांदी. मी ते सगळं आठवत बसले.

“आणि कुलूप लावलंस तेव्हाही मी म्हटलं, अक्का, उघडायला सांग, दात वाढले असतील. तर म्हणाली, ती म्हणतेय ना खातोय, म्हणजे खातोय. टणक काही घालत असेल. आमची मुलगी खोटं नाही बोलत.”

अक्का, हे ऐकल्यापासून मी तुझ्यावर रागावले आहे. तू इतकी वर्षं मुलींना शिकवलंस. कुठली मुलगी खोटं बोलते हे तुला चेहऱ्यावरून कळायचं. मग माझंच का नाही कळलं? की कळलं होतं आणि मी आपणहून सांगेन म्हणून तू थांबली होतीस? माझा संशयी स्वभाव असा एका दुपारीत जाणार नाही. मला अजूनही वाटतं, तुझ्या गप्प राहण्यात थोडी ऐटही होती. दाताचं दुखणं चारचौघांत काढायचं नसतं. पण मी चारचौघांतली होते का? मला ओरडली असतीस, तो कागद फाडला असतास तर चाललं असतं. मी दोन दिवस रुसले असते. तू माझी लाज राखलीस आणि तिची किंमत बोट्याच्या हाडांवर दिसत राहिली. यावर आपण भांडायला हवं होतं. मला तुझ्याशी एकदा तरी मोठ्याने भांडायचं होतं.

आणि तरीही, गाईंच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलेली तू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीस. पिशवीतून तो ओरडत असेल आणि तू त्याला मराठीत दटावत असशील.

जनावरांचा दवाखाना आता सोमवारी उघडणार होता. बोट्याने परवापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. सरोजम्मा म्हणाल्या, “डॉक्टरकडे ने, पण तोवर हा राहायला पाहिजे. मी धरते. कापायचं तू. मला जवळचं नीट दिसत नाही.”

मी खोलीचं कुलूप काढलं. पंचा दिसताच बोट्या कोपऱ्यात गेला, पण आता पळण्याइतकं बळ नव्हतं त्याच्यात. हातात घेतला तर रिकाम्या पाकिटासारखा हलका. सरोजम्मांनी त्याला गुंडाळून मांडीवर घेतलं. मी तुझ्या पाटावर बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा ओठ वर केला.

वरचे दोन दात गळासारखे आत वळले होते. खालचे बाहेर आले होते, लांब, पिवळे. जीभ त्यांच्यामध्ये अडकल्यासारखी होती. हे तोंड घेऊन तो रोज माझ्या हातातला दाणा उचलत होता. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणून.

“मुळाशी नको,” सरोजम्मा म्हणाल्या. “अक्का टोकाचं टोकाचं कापायची. आडवं धर.”

मी नेलकटर आडवं धरलं.  कट्. दाताचा तुकडा धुण्याच्या दगडावर पडला, तांदळाच्या कणीएवढा. बोट्या ओरडला नाही. पुन्हा कट्. सरोजम्मांचे डोळे मिटलेले होते आणि हात मात्र घट्ट होते. चारही झाले तेव्हा माझ्या पाठीवरून घाम गेला होता. रक्त आलं नाही.

आधी त्याने पाण्यात कालवलेलं दाण्याचं कूट चाटलं. बराच वेळ चाटत होता. मग मी त्याला व्हरांड्यात, तुझ्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि पिशवीतली एक शेंग, सालासकट, त्याच्या पुढे धरली. त्याने ती घेतली, फिरवली, खाली ठेवली. मला वाटलं संपलं. त्याने पुन्हा उचलली. टोकाकडून दात लावले. कुरकुर असा आवाज यायला लागला, अगदी बारीक. सालीचे तुकडे खुर्चीवर, जिथे तुझा हात असायचा तिथे, पडायला लागले.

हॉलमध्ये दादा होते, आई होती, म्हैसूरहून आलेले काका-काकू होते. व्हरांड्याचं दार उघडं होतं. काकू कुणाला तरी विचारत होत्या, ही मुलगी एवढी शांत कशी. सरोजम्मा उंबऱ्याशी उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, “अक्का, आज खातोय.”